ऑफिसचा डबा घरी

२६ जुलै २००८ ची संध्याकाळ. अहमदाबादेतले स्फोट सुरू व्हायला काही मिनिटं असताना वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल आला. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या घरी. मेल त्याने पाठवला नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते भलत्याच कुणीतरी वापरलं होतं. त्याच लोकांचा ऑगस्टमधला मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, सप्टेंबरात दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. एक घर, एक कॉलेज, एक ऑफिस.

मग मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघड्या वायफायच्या शोधात फिरायचं ठरवलं, दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना धाडल्या आणि आपण सगळ्यांनी एक गोष्ट मनावर घेतली: वायफायला पासवर्ड लावायचा. ती इतकी मनावर घेतली की त्यापुढे विचार करायचंच राहून गेलं. आज कुठल्याही सीएला, घाऊक व्यापाऱ्याला किंवा एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला विचारा, 'तुमचा अकाउंटंट घरून टॅली उघडतो, ते सुरक्षित आहे का?' उत्तर ठरलेलं: 'हो, पासवर्ड आहे ना वायफायला.'

या उत्तरात दोन गोष्टी चुकतात. त्यातली एक किरकोळ, दुसरी मुळावर येणारी.

किरकोळ आधी सांगतो. तो पासवर्ड असतो काय? बऱ्याच घरांत तो घरातल्याच कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो, कारण केबलवाला जोडणी करताना विचारतो आणि घाईत तोच तोंडावर येतो. २०२१ मध्ये सायबरआर्क या कंपनीचा संशोधक इडो हूरविच याने तेल अवीवच्या रस्त्यांवर फिरून ५,००० वायफाय नेटवर्कचे नमुने गोळा केले आणि नंतर निवांत बसून त्यातल्या ७० टक्क्यांचे पासवर्ड शोधून काढले. तिथेही लोक मोबाइल नंबरच ठेवतात. इस्रायलमधला मोबाइल नंबर ०५ ने सुरू होतो, पुढचे आठ आकडे बदलतात. म्हणजे शक्यता १० कोटी. त्याच्या लॅपटॉपला त्या सगळ्या तपासायला नऊएक मिनिटं लागत. आपला नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतो आणि पुढे नऊ आकडे, म्हणजे ४०० कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण त्याच लॅपटॉपला सहा तास पुरे. रात्री जेवून लावला तर सकाळी दूधवाला यायच्या आत काम तमाम. त्यासाठी तुमच्या दाराशी फार वेळ रेंगाळावंही लागत नाही. नमुना एकदा हाती आला की बाकीची आकडेमोड कुठेही बसून करता येते. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ या वायफायच्या नव्या संरक्षणाने ही सोय बंद केली. त्यात प्रत्येक अंदाज डब्यासमोर, म्हणजे वायफायच्या राउटरसमोर, उभं राहूनच करून पाहावा लागतो. पण आपल्याकडची बरीच घरं अजून जुन्या डब्ल्यूपीए-२ वर आहेत. तेव्हा मोबाइल नंबर काढून टाका आणि चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांबलचक पासवर्ड ठेवा. हे काम आज संध्याकाळीच होण्यासारखं आहे.

आता मुळाची गोष्ट. तो पासवर्ड कितीही पक्का असला तरी तो राखण करतो लॅपटॉपपासून डब्यापर्यंतच्या हवेची. बेडरूम ते हॉल, एवढीच त्याची हद्द. डब्याच्या पुढे ऑफिसपर्यंतच्या प्रवासाशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि डब्याच्या अलीकडे, घरातल्या घरात कोण कोण आहे? स्मार्ट टीव्ही आहे. अपडेट कधीच न झालेला, दारावरचा कॅमेरा आहे. चिरंजीवांचा गेमिंग पीसी आहे, ज्यातले निम्मे गेम कुठून उतरवलेत ते विचारू नये. शिवाय पाहुणे. हल्ली आपण आल्यागेल्याला पाणी द्यायच्या आधी वायफायचा पासवर्ड देतो. ही सगळी मंडळी तुमच्या अकाउंटंटच्या लॅपटॉपसोबत एकाच नेटवर्कवर नांदत असतात. बँकेची साइट किंवा जीमेल ठीक आहे, ते आपलं संरक्षण स्वतः घेऊन येतात. ऑफिसातल्या जुन्या गोष्टी तशा नसतात. शेअर केलेलं फोल्डर, प्रिंटर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांची घडण 'आतले सगळे आपलेच' या विश्वासावर झालेली असते.

ऑफिसच्या टोकाला तर त्याहून आनंद. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, तेव्हा हार्डवेअरवाल्यांनी फोनवरून जी जुळवाजुळव केली ती अशी: स्टॅटिक आयपी घ्यायचा, राउटरवर ३३८९ हे पोर्ट उघडायचं, अकाउंटंटला रिमोट डेस्कटॉप शिकवायचा, 'झालं साहेब'. त्या आठवड्यात ते क्षम्य होतं, पगार काढायचे होते. पण तीच तात्पुरती सोय कित्येक ऑफिसांत आजही जशीच्या तशी आहे. ३३८९ हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं जगजाहीर दार आणि ते ठोठावणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस इंटरनेटवर फिरत असतात. खोटं वाटत असेल तर असं दार उघडं असलेल्या सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यातला सिक्युरिटी लॉग काढा आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी बघा. हा फसलेल्या लॉगिनचा क्रमांक. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, यूजर, टेस्ट अशा नावांनी केलेल्या प्रयत्नांची रांग दिसेल, अगदी पहाटे तीनलासुद्धा. त्या वेळी तुमचा अकाउंटंट नक्कीच झोपलेला असतो. खंडणीखोर आत शिरतात ते अशाच दारातून. मग ऐन जीएसटी रिटर्नच्या तोंडावर सगळ्या फायलींची नावं बदललेली सापडतात.

याला मोठ्या कंपन्यांनी फार पूर्वीच एक उत्तर काढलं. घरच्या वायफायला सुधारत बसायचं नाही, ऑफिसचंच वायफाय घरी पाठवायचं. अरुबा, म्हणजे आता एचपीईची असलेली कंपनी, त्याला रिमोट ॲक्सेस पॉइंट म्हणते. सिस्कोत त्याचं नाव ऑफिसएक्स्टेंड. केबलवाल्याचा डबा मोडेम, राउटर, स्विच आणि वायफाय अशी चार कामं एकटाच करतो. ॲक्सेस पॉइंटचं काम त्यातलं फक्त शेवटचं. कर्मचाऱ्याच्या हाती असा एक छोटा डबा द्यायचा. घरी जाऊन त्याने तो घरच्या राउटरच्या मागे लॅन केबलने जोडायचा, बस्स. डबा इंटरनेटवरून ऑफिसला हाक मारतो, आत बसवलेल्या डिजिटल प्रमाणपत्राने स्वतःची ओळख पटवतो, ऑफिसपर्यंत एन्क्रिप्ट केलेला बोगदा काढतो आणि मग घरात ऑफिसच्याच नावाचं वायफाय झळकतं. लॅपटॉपला कळतही नाही की आपण नरिमन पॉइंटला नसून बदलापूरला आहोत. टीव्ही, कॅमेरा, चिरंजीव आपापल्या जागी, जुन्या वायफायवर. त्यांना ऑफिसचा लॅपटॉप दिसत नाही.

यात मला आवडणारी एक बारीक खुबी आहे. हाक घरच्या डब्याकडून जाते, त्यामुळे घरी स्टॅटिक आयपी लागत नाही, कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही. आपल्याकडच्या घरगुती जोडण्यांवर बहुतेक वेळा एकच सार्वजनिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला असतो आणि बाहेरून त्या घरापर्यंत पोहोचताच येत नाही. इथे ती अडचण आड येत नाही. सार्वजनिक पत्ता लागतो तो फक्त ऑफिसच्या टोकाला आणि तिथे ओळख पटल्याखेरीज आत न घेणारं दार असतं.

'मग असाच बोगदा काढणारं व्हीपीएनचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं तर?' चालतं. एकटा फिरता सेल्समन असेल तर तेच बरं, त्याच्यासाठी डबा घेऊ नका. पण व्हीपीएन बहुधा माणसाने आठवणीने चालू करावं लागतं. कामाच्या गर्दीत ते राहतं आणि कुणी विचारलं की 'नेट स्लो होतं सर त्याने.' शिवाय गोडाऊनमधलं लेबल प्रिंटर, टेबलावरचा आयपी फोन, हजेरीचं मशीन यांच्यावर व्हीपीएन कुठून टाकणार? भिवंडीच्या गोडाऊनला किंवा पाच माणसांच्या शाखेला ॲक्सेस पॉइंटच हवा.

महागड्या कंपन्यांचा सरंजाम ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी मार्ग खुला झाला तो वायरगार्डमुळे. बोगदा काढण्याचं हे सुटसुटीत, मोफत तंत्र मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालं आणि आज कित्येक स्वस्त, तळहाताएवढ्या राउटरमध्येही तयार मिळतं. एक ऑफिसात, एक घरी. जाणता हार्डवेअरवाला दुपारभरात जोडून देईल. 'वायरगार्ड म्हणजे काय' असं त्याने तुम्हालाच विचारलं तर दुसरा बघा.

आता उलटी बाजू, कारण विकणारा ती सांगणार नाही. बोगदा दोन्हीकडून चालतो. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीचं प्रकरण या धंद्यातल्या लोकांना पाठ आहे. तिच्या दुकानांतल्या वायफायला डब्ल्यूईपी हे जुनं संरक्षण होतं. ते फुटतं हे २००१ मध्येच जाहीर झालं होतं, तरी ते बदलायचं राहिलं. २००५ मध्ये चोर दुकानाच्या वायफायवरून आत शिरले आणि तिथून थेट मुख्यालयाच्या सर्व्हरवर. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने ते कबूल केलं तोवर साडेचार कोटींवर कार्डांचे नंबर गेले होते. टोळीचा म्होरक्या अल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. वायफाय कच्चं होतं हे खरंच, पण त्याहून मोठी चूक ही की दुकानातून मुख्यालयापर्यंत मध्ये कुणी अडवणारं नव्हतं. म्हणून घरून येणारा बोगदा ऑफिसच्या मोकळ्या अंगणात उतरवू नका. अकाउंटंटला टॅलीचा सर्व्हर दिसू दे. डीव्हीआर, मालकाचा कॉम्प्युटर आणि पगाराचं फोल्डर दिसायचं कारण नाही. फायरवॉलमध्ये ही दोन ओळींची नोंद असते. ती करून घ्या, आणि झाली की नाही ते घरून स्वतः तपासा.

टॅलीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. बोगदा तयार झाला की उत्साहाच्या भरात लोक सर्व्हरवरचं टॅलीचं डेटा फोल्डर थेट घरच्या लॅपटॉपवरून उघडतात, मग एक व्हाउचर सेव्ह व्हायला चहा पिऊन होतो आणि 'डबा फालतू आहे' असा निकाल लागतो. दोष डब्याचा नसतो. फोल्डर उघडून काम करताना दोन टोकांमध्ये शेकडो छोटे निरोप येजा करतात; ऑफिसातल्या केबलवर ते जाणवत नाही, बदलापूर ते नरिमन पॉइंट जाणवतं. अशा वेळी बोगद्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप वापरायचा. डेटा सर्व्हरवरच राहतो, घरी येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र. रिमोट डेस्कटॉप वाईट नव्हताच कधी, तो रस्त्यावर उघडा ठेवणं वाईट. आणखी एक: ऑफिसच्या जोडणीचा अपलोड वेग तपासा. घरून येणाऱ्या सगळ्यांचा भार त्यावरच पडतो आणि जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा काय होतं, हेही पाहायला हवं. ऑफिसच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असेल तर गेलेला माणूस तो बरोबर घेऊन जातो आणि पासवर्ड बदलायचा तर तीस फोन, दहा लॅपटॉप, चार प्रिंटर नव्याने जोडावे लागतील म्हणून कुणी बदलत नाही. वर्षानुवर्षं. ८०२.१एक्स नावाची पद्धत यासाठीच आहे. तिच्यात प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं; एकाचं बंद केलं की बाकीच्यांना धक्का लागत नाही. हीच सोय डब्यालाही लागू. डबा परत आला नाही, चोरीला गेला, तर ऑफिसात बसून त्याचं प्रमाणपत्र रद्द करायचं. नंतर तो कुणी लावला तरी ऑफिस त्याला दाद देत नाही.

कोण कधी आत आलं याची नोंदही आपोआप राहते. सानपाड्याच्या प्रकरणात पोलिसांना हवी होती ती हीच. एप्रिल २०२२ च्या आदेशात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने सायबर घटना सहा तासांत कळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे, कंपन्यांनाही. केबलवाल्याच्या डब्याकडून ती अपेक्षा धरू नका. लाइट गेली की त्याची स्मरणशक्तीही जाते.

ज्यांची बिलं, हिशेब, फायली सगळं क्लाउडवर आहे, त्यांनी यातलं काहीही विकत घ्यायची गरज नाही. त्यांनी दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करावं आणि वाचलेले पैसे खुर्च्यांवर घालावेत. बोगदा त्यांच्यासाठी, ज्यांचा सर्व्हर अजून केबिनच्या कोपऱ्यात, देवाच्या फोटोखाली गुरगुरतो आहे. अशी मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणं नेहमीच चुकीची असतात असं मला वाटत नाही.

ज्यांना डबा घ्यायचाच आहे, त्यांनी दुकानदाराला रेंजच्या आधी एक प्रश्न विचारावा: याला अपडेट कधीपर्यंत मिळणार? मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्रॅम ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत सापडला. त्यातली बहुतेक घरचे आणि छोट्या ऑफिसचे राउटर होते. तेव्हा एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेलं मॉडेल सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतं, त्याला अपडेट थांबणं हेही एक कारण असतं. तारीख बिलावर लिहून मागा. दुकानदार कुरकुरेल, 'असं कोणी विचारत नाही' म्हणेल. कंपनीच्या साइटवर मॉडेलचं नाव टाकून ती त्याच्यासमोरच शोधा. सापडली नाही तर पुढच्या दुकानात जा.