फिरायला वाट हवीच, पण होडी कुठे लावायची?

पणजीत मांडवीच्या काठाला फिरायची वाट, बाकडी, दिवे यांवर शहराने पैसा घालावा का? घालावा की! आपली पोरंही संध्याकाळी कांपालला, मिरामारला जातातच.

पण जो तो साबरमतीचं उदाहरण देतो. अहमदाबादला पाणी वासणा बंधाऱ्याने अडवलेलं, वरून नर्मदेच्या कालव्याचं सोडलेलं. आपल्या मांडवीला भरती-सुकती आहे, दिवसातून दोनदा पाणी खाली जातं. काठाला सरळ उभी भिंत घालून वर रेलिंग ठोकलं, तर सुकतीच्या वेळी मासळीची पाटी घेऊन होडीवाल्याने वर चढायचं कसं?

म्हणून त्याच पैशातून सुकतीच्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, होड्या बांधायची सोय आणि जाळी पसरायला मोकळा पट्टा हवा. १ जून ते ३१ जुलै बंदीत जाळी दुरुस्त करायला बसणार कुठे? फिरणाऱ्यांना वास येतो म्हणे. जाळ्यांना अत्तराचा वास कसा येईल?

काठाला होडी लावणाऱ्यांनी आपली जागा आणि सुकतीला तिथे पाणी किती खाली जातं ते सोसायटीत लिहून द्यावं. नकाशा आला की ते सोबत जोडता येईल.