टाकाऊ कुणी ठरवलं?

'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की आपल्याकडे काहीही खपून जातं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला जुन्या लग्नपत्रिकांचे आकाशकंदील व्हायचे, तोवर ठीक होतं. पण हल्ली जुन्या रेकॉर्डची भिंतीवरची घड्याळं, वाडगे, चहाच्या कपाखालच्या चकत्या आणि चक्क कानातले डूल निघायला लागलेत, आणि त्यालाही हेच नाव! मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. वाजणारी रेकॉर्ड टाकाऊ नसते. तिचा वाडगा करणं म्हणजे टिकाऊतून टाकाऊ.

मी राहतो तुर्भ्याला. इथे एमआयडीसी, एपीएमसीचं मार्केट, भंगाराची दुकानं, वर शहराचा कचराही इथेच. तेव्हा टाकाऊ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. घर रिकामं करताना प्लॅस्टिक भंगारवाल्याकडे किलोवर जातं, त्यातच आजोबांच्या रेकॉर्डचा गठ्ठाही जातो. तो एखाद्या हौशी कलाकाराने उचलला तर "वाचला बिचारा" असं वाटतं. पण वाचलं काय? प्लॅस्टिक वाचलं. गाणं गेलं.

वाडगा कसा होतो बघा. एलपी असते पीव्हीसीची. ओव्हनमध्ये शंभरेक अंशांवर काही मिनिटं ठेवली की लुळी पडते. मग उपड्या भांड्यावर दाबली की झाला झालरीचा वाडगा. खाचांमध्ये कोरलेला आवाज तिथेच संपतो. नंतर कितीही सपाट करा, तो परत येत नाही. आमच्या नात्यातल्या एका घरी अशा वाडग्यात खारे शेंगदाणे आले, त्यातले निम्मे मधल्या भोकातून टीपॉयवर. शिवाय पूर्वी पीव्हीसीत शिशाची संयुगं घालायची पद्धत होती, त्यामुळे त्यात खायचं काही ठेवूच नये. (मावशी, रागावू नकोस. शेंगदाणे छान होते.)

घड्याळाचा गुन्हा त्या मानाने लहान. मधलं भोक थोडं मोठं होतं, पण रंग फासला नाही तर खाचा शाबूत राहतात. मात्र बहुतेक वेळा लेबलावर काहीतरी चिकटवतात. लेबल म्हणजे नुसती नक्षी नव्हे, पुरावा असतो तो. १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं! पार्श्वगायकांना तेव्हा काय किंमत होती, ते त्या एका कागदी चकतीवरून कळतं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. "अहो, या पॉपच्या रेकॉर्ड. ढिगाने निघाल्या, एक गेली तर काय बिघडलं?" बीटल्सपेक्षा जास्त पॉप काय असणार? त्यांच्या ७८ च्या वेगाच्या रेकॉर्ड साठच्या दशकात आपल्याकडे, कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात निघत होत्या. इंग्लंड-अमेरिकेत ७८ चा जमाना तोवर संपला होता. आपल्याकडे मात्र चावीचे ग्रामोफोन अजून घराघरात होते. त्या वेळी तो साधा बाजारातला माल होता, आज जगभरचे संग्राहक त्यांच्या मागे आहेत. कुठली रेकॉर्ड साधी आणि कुठली दुर्मिळ, हे ओव्हनसमोर उभं राहून ठरत नाही. आणि बीटल्सची ही कथा, तर आपल्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या रेकॉर्ड मुळात निघाल्याच किती असतील?

दुसरं उत्तर, "वाजवायला यंत्र कुठंय?" यंत्रं नव्याने मिळू लागलीत. अमेरिकेत २०२० साली एलपींच्या विक्रीचे पैसे सीडींपेक्षा जास्त झाले, १९८६ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे मेलेली म्हणून जिची घड्याळं केली, ती जिवंत निघाली.

आणि आपल्याकडे हे काम कुणी केलंच नाही असंही नाही. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर तिचे सचिव होते. जुन्या रेकॉर्ड ऐकायच्या, त्यांची माहिती जमवायची, ती 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात छापायची, हा त्यांचा उद्योग. टिकाऊ याला म्हणतात.

मग कलाकारांनी काय करायचं? तडा गेलेली, उन्हात वाकडी झालेली, सुई घसरून चाळण झालेली रेकॉर्ड खुशाल घ्या. तिचं घड्याळ करा, डूल करा, माझी हरकत नाही. नुसती कव्हरं फ्रेम करून लावा, भिंत जास्त छान दिसेल. पण आधी लेबल वाचा आणि एकदा वाजवून बघा. एवढे कष्ट नको असतील तर कलेच्या आणि पर्यावरणाच्या गप्पा तरी नकोत.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. दिवाळीची साफसफाई काढाल आणि माळ्यावरून गठ्ठा निघेल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी मला फोन करा. ठाणे असो की पनवेल, मी येऊन घेऊन जाईन. लाखेच्या जुन्या ७८ असतील तर आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. त्या वाकत नाहीत, फुटतात.