जपानी उजळणी

वयाची पासष्टी उलटल्यावर मनुष्यानें पुन्हां पाटी पुढें घेऊन उजळणी म्हणूं लागावें, हा आमच्या घरांत प्रथम विनोदाचा विषय झाला. त्यांतून उजळणी जपानी! कारण इतकेंच कीं, आमचे चिरंजीव सहा वर्षांपासून जपानांत नागोया येथें नोकरीस आहेत, आणि त्यांची कन्या तेथील प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गांत जाते. दूरध्वनीवर ती आमच्याशीं मराठी बोलते. परंतु आंकडा अगर तारीख आली, कीं तिची जीभ अडखळते आणि जपानी शब्द बाहेर पडतो. “बाळ, मराठींत सांग,” असें आम्ही दोन-चारदां म्हटलें, तेव्हां तिनें सांगणेंच सोडून दिलें. हें मनास लागलें, आणि आम्हीच तिचे विद्यार्थी व्हावयाचें ठरविलें.

आरंभ सुखाचा आहे. इचि, नि, सान्, योन्, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू हे दहा शब्द आले, कीं नव्याण्णवपर्यंत नवें कांहीं शिकावयाचें नाहीं. अकरा म्हणजे जू-इचि, वीस म्हणजे नि-जू, नव्याण्णव म्हणजे क्यू-जू-क्यू. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून एकोणतीस, त्रेपन्न, अडुसष्ट घोकवून घेतलें; त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांत आलेलें पाणी आतां आठवतें. नात विचारते, “आजोबा, एकोणतीस तिसाच्या मागें कां लपतो?” एकानें ऊन तीस, हें उत्तर आम्हीं दिलें, परंतु मग ‘एकोणशंभर’ कां नाहीं, या तिच्या दुसऱ्या प्रश्नापुढें आम्ही निरुत्तर झालों.

चार, सात व नऊ यांस दोन दोन नांवें आहेत. चाराचा चिनी वळणाचा उच्चार शि, नवाचा कु. पैकीं शि हा उच्चार मृत्युवाचक शब्दाचाही आहे, आणि कु हा क्लेशवाचक शब्दाचा. म्हणून रोजच्या बोलण्यांत बहुधा योन् व क्यू म्हणतात, आणि पुष्कळ रुग्णालयांत चार क्रमांकाची खोलीच नसते. आपल्याकडे बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. शंभरास ह्याकु म्हणतात. पण तीनशें सान्ब्याकु, सहाशें रोप्प्याकु, आठशें हाप्प्याकु. घरांतील मंडळी यास लहरीपणा म्हणतात. षट् पुढें नवति येतांच षण्णवति होतें हें ज्यानें घोकलें आहे, त्यास यांत परकें कांहींच वाटत नाहीं.

हजारास सेन्. त्यापुढें मात्र आमची गाडी अडली. जपानी मनुष्य लाख व कोटी मोजीत नाहीं. दहा हजारांचा एक मान्, आणि दहा हजार मान् झाले कीं एक ओकु. एक लाख म्हणजे दहा मान्, एक कोटी म्हणजे हजार मान्. चिरंजीवांचा पगार ऐकून प्रत्येक वेळीं आम्हांस बोटें मोजावीं लागत. मग लीलावती आठवली. भास्कराचार्यांच्या मालिकेंत सहस्रानंतर अयुत आहे, कोटीनंतर अर्बुद आहे. मान् तो अयुत आणि ओकु तो अर्बुद! याहून मोठ्या संख्यांचीं नांवें तर बौद्ध ग्रंथांच्या वाटेनें येथूनच तिकडे गेलेलीं आहेत. आसोगि म्हणजे आपलें असंख्येय, नायुता म्हणजे नयुत, आणि गोगाशा म्हणजे गंगेची वाळू.

वारांचेंही तसेंच. सूर्य, चंद्र, अग्नि, जल, काष्ठ, सुवर्ण, मृत्तिका या क्रमानें त्यांचे सात वार. मंगळ हा त्यांच्याकडे अग्नितारा, बुध जलतारा, गुरु काष्ठतारा. म्हणजे क्रम आपलाच. कूकाइ नामक आचार्यानें ८०६ सालीं चीनमधून जे ग्रंथ आणिले, त्यांत अमोघवज्राचा ग्रहनक्षत्रांवरील ग्रंथ होता, व त्यांत हे सात वार होते. कचेऱ्यांस रविवारची सुटी मात्र १८७६ पासूनची.

पंचांगबदलाची कथा आम्हांस विशेष रुचली. जपानांतही पूर्वीं चांद्रमास व अधिक मास होते. मेइजी शकाच्या पांचव्या वर्षीं बाराव्या महिन्याची द्वितीया संपली, आणि दुसऱ्या दिवशीं एकदम १ जानेवारी १८७३ उजाडली. जुन्या गणनेनें पुढील वर्षीं अधिक मास येणार होता, आणि सरकारास तेरा पगार द्यावे लागले असते. तेराव्याची चिंता मिटलीच, शिवाय दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचा पगारही वांचला! हें कारण ओकुमा शिगेनोबु या त्या काळच्या मंत्र्यांनींच पुढें सांगितलें आहे. मास्तरकी केलेल्या मनुष्यास ही गोष्ट हंसत हंसत वाचवत नाहीं.

महिने सोपे, आंकड्यापुढें गात्सु लावावें. परंतु तारखांनीं आमचा गर्व उतरविला. आपण पाडवा, बीज, तीज म्हणतों, तशीं महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांचीं नांवें निराळीं आहेत: त्सुइताचि, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका. पुढें आंकडा चालतो. तरी चौदा व चोवीस यांत योक्का पुन्हां डोकावतो, आणि विसाव्या दिवसास हात्सुका हें स्वतंत्रच नांव आहे.

मागल्या हिंवाळ्यांत नातीनें सांगितलें, “योऽकाला आमच्या वर्गाचें गाणें आहे.” आम्हीं ऐकलें योक्का. चार तारखेस रात्रीं मोठ्या हौसेनें दूरध्वनि केला. तेथील घड्याळ आपल्यापुढें साडेतीन तास, मुलगी निजलेली. आम्हीं शाबासकीचा निरोप ध्वनिमुद्रित करून ठेविला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानांत राहिलों. आठ तारखेस येथून कोणीच बोललें नाहीं. पुढें सूनबाईंकडून कळलें, कीं त्या रात्रीं मुलगी निजेपर्यंत यंत्र उशाशीं घेऊन बसली होती. आमचा निरोप तिनें ऐकला होता. परंतु गाणें होण्यापूर्वींच शाबासकी देणें ही मराठी रीत असेल, आणि आजोबा गाण्यानंतर पुन्हां बोलतील, अशी तिची समजूत!

ह्रस्वदीर्घाची एक चूक म्हणून मुलांच्या वह्या आम्हीं लाल केलेल्या आहेत. चार तारखेंत क्काराच्या आधीं क्षणभर थांबावयाचें, आठ तारखेंत ओकार लांबवावयाचा. दोन्हींतील अंतर एका मात्रेच्या मापाचें. आतां दर रविवारीं नात आमची परीक्षा घेते. चुकलें तर हंसत नाहीं, “पुन्हां,” एवढेंच म्हणते. हा शब्द तिनें कोठून उचलला, हें आमच्या सौभाग्यवती सर्वांस सांगत असतात. मोबदल्यांत आम्ही तिला आमचीं दोघे, तिघे, चौघे दिलीं. तिच्या भाषेंत एका माणसास हितोरि व दोघांस फुतारि अशीं खास नांवें असल्यामुळें तीं तिला चटकन् उमजलीं.

परवां तिचें पत्र आलें. वर प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस. वर्ष रेइवा शकाचें. तो शक १ मे २०१९ रोजीं लागला, म्हणून त्यांत २०१८ मिळवावे लागतात. शालिवाहन शकांत ७८ मिळविणाऱ्यास हें जड नाहीं. पत्रांत शिचि-गात्सुच्या हात्सुकाला सुटीसाठीं पुण्यास येतों, असें आहे. तारीख आम्हीं चिरंजीवांकडून वारासह दोनदां विचारून घेतली, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेंत २० या आंकड्याभोंवतीं तांबडें वर्तुळ काढून ठेविलें आहे.