कुणाची वही कुठं लपलीय?



या अंकाचा विषय आहे दोस्ती. ठरलं तेव्हा दोघातिघांनी नाक मुरडलं. म्हणाले, हे काय काढलंस? लढ्याचं बोल. साला, दोस्ती लढ्याच्या बाहेर असते असं ज्याला वाटतं त्यानं आपलाच इतिहास वाचलेला नाही. पँथर १९७२ साली जन्मली ती कविता लिहिणाऱ्या, पदरचे पैसे घालून अनियतकालिकं काढणाऱ्या पोरांच्या दोस्तीतनं. आणि १९७४ ला फुटली तेव्हा आधी दोस्त फुटले. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ. बुद्ध की मार्क्स, हा वाद खरा होता, पोरखेळ नव्हता. १९७७ ला ढाले आणि ज. वि. पवारांनी संघटनाच बरखास्त केली. नामदेव २०१४ ला गेला, राजाभाऊ २०१९ ला गेले. तरी आजही मला अशी पोरं भेटतात, जी एकाचा फोटो भिंतीला लावतात आणि दुसऱ्याचं एक पान वाचत नाहीत. का? तर तो आपल्या गटाचा नाही! अरे, ज्याच्याशी भांडायचं त्याचं तर दोनदा वाचलं पाहिजे. न वाचता केलेलं भांडण म्हंजे नुसतं कोंबड्यांची झुंज.

आम्ही हा अंक जुळवतो बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात. हा मुलूख विभागलेलाच आहे. नीरेचा डावा कालवा जिथनं जातो तिथं ऊस आणि कारखान्याची चिमणी. वर सुप्या-मोरगावाकडं जिरायत. भीमेच्या अंगाला उजनीच्या पाण्यात इंदापूरची गावं गेली; उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ डोकं वर काढतं. गाव बुडालं, दुसरीकडं बसलं, पण बसताना गाव वेगळं आणि वस्ती वेगळी, हे काही बुडालं नाही. त्यात २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नानं एका बाकावर बसलेली मराठा आणि ओबीसी पोरं समोरासमोर आणली. त्या डिसेंबरात इंदापुरात ओबीसींचा एल्गार मेळावा झाला. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत एकाच घरातले दोन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि गल्लोगल्ली सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं. अशा वेळी दोस्ती, पुस्तक, समजूतदारपणा असले शब्द उच्चारले की लोक हसतात. हसू द्या. मी एक गोष्ट सांगतो, खरी आणि इथलीच.

बारामतीत वाढलेल्या पोराला कवी म्हणून पहिलं नाव ऐकू येतं ते मोरोपंतांचं. पंत अठराव्या शतकात इथं राहिले, इथंच १७९४ साली वारले. बाबूजी नाईकांचा आश्रय होता, म्हणून निवांत आर्या रचत बसता आलं. त्यांच्या विद्वत्तेला माझा नमस्कार. पण बारामतीतनं निघून सांगवीशी नीरा ओलांडली की फलटण येतं, आणि फलटणात एक बाई राहत होती, जिला कुणाचा आश्रय नव्हता. बेबीताई कांबळे. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात १९२९ साली जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न. फलटणला छोटंसं दुकान टाकलं. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. पुडी बांधायच्या आधी बाई तो कागद वाचायची. हे तिचं वाचनालय! मग खऱ्या वाचनालयात जाऊ लागली. मग लिहू लागली. आणि लिहिलेलं लपवू लागली. कुणापासून? पाटलापासून, भटापासून? नाही दोस्तहो. नवऱ्यापासून, घरच्यांपासून. वीस वर्षं.

त्याच फलटणात मॅक्सिन बर्नसन नावाची अमेरिकन बाई १९६० च्या दशकात आली. माणसं कशी बोलतात, कुठल्या जातीतलं माणूस कसं बोलतं, याचा तिनं अभ्यास केला आणि फलटणच्या बोलीवर पीएच.डी. मिळवली. आपले प्राध्यापक ज्या भाषेला ‘अशुद्ध’ म्हणून तांबड्या शाईनं रेघा मारतात, त्या भाषेपाशी ती वही घेऊन बसली. पदवी घेतल्यावर परत जायची ती इथंच राहिली, वस्तीतल्या पोरांना लिहाय-वाचाय शिकवू लागली, या देशाची नागरिक झाली. मॅक्सिनमावशी झाली. तिला बेबीताईंच्या लिखाणाचं कळलं. तिनं वाचलं, आणि हे छापलंच पाहिजे म्हणून पाठीशी उभी राहिली. १९८२ साली पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं. १९८६ ला पुस्तक झालं: ‘जिणं आमुचं’. २००८ साली माया पंडितांनी ते इंग्रजीत नेलं.

आता यातली मेख बघा. आश्रयदाता वर बसतो, दोस्त शेजारी बसतो. आश्रयदात्याची स्तुती करावी लागते. दोस्ताला फक्त खरं सांगावं लागतं. मॅक्सिननं बेबीताईंना काय लिहायचं ते शिकवलं नाही. लिहून झालेलंच होतं! तिनं ते वाचलं आणि मध्ये न येता पुढं सरकवलं. ‘आम्ही दलितांना आवाज दिला’ म्हणणाऱ्या शहाण्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. आवाज होता. ऐकणारा कान नव्हता.

असाच एक कान विजय तेंडुलकरांचा. ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहायच्या आधी ते नामदेवबरोबर त्या वस्तीत फिरले. जे शब्द कळले नाहीत त्यांचे अर्थ त्यालाच विचारले. एवढा मोठा नाटककार, पण आपल्याला मराठी पुरती येत नाही हे मान्य करायला लाजला नाही. समजून घेणं म्हंजे डोळ्यांत पाणी आणणं नव्हे. तोंड उघडून विचारणं, बाबा, या शब्दाचा अर्थ काय?

माझा एक दोस्त आहे, इंदापूरच्या बागायती पट्ट्यातला, मराठा, उसाच्या घरातला. कॉलेजपासून आमची पुस्तकांची देवघेव. २०१८ च्या एक जानेवारीला भीमा कोरेगावात जे झालं त्यानंतर आमचं बोलणं तुटलं. दोघांच्या मोबाईलवर दोन वेगळी जगं येत होती. वर्षभरानं मी त्याला ‘जिणं आमुचं’ धाडलं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आठवड्यानं फोन आला. म्हणाला, “येसकर म्हंजे काय रे?”

मला हसावं की चिडावं कळेना. गावकीची ही सगळी कामं महारांच्या पाठीवर. पाळी धरायची, निरोप सांगायचे, वर्दी द्यायची, आणि मोबदल्यात दारोदार भाकर मागायची. ज्याच्या घरानं ती चाकरी घेतली त्याच्या नातवाला शब्दसुद्धा माहीत नाही, आणि ज्याच्या आज्यानं ती केली त्याच्या नातवाला तो रक्तात माहीत! म्हटलं, “तुझ्या आज्जीला विचार.”

त्यानं विचारलं. आज्जी म्हणाली, येसकर उंबऱ्याबाहेर उभा राह्यचा, आम्ही वरनं भाकर टाकायचो. नातवानं विचारलं, त्याचं नाव काय होतं? आज्जी गप्प बसली. मग म्हणाली, नाव कधी इचारलंच न्हाई.

आमचं सगळं जुळलं असं मी म्हणणार नाही. आरक्षणावर आम्ही आजही भांडतो, कडाकडा भांडतो. पण आता तो भांडताना पुस्तकातनं पानं काढून भांडतो, आणि मी त्याच्या बापाचं उसाचं बिल कारखान्यानं किती महिने थकवलंय ते विचारतो. एका पुस्तकानं जात मोडत नाही. पण पुस्तक मध्ये असलं की निदान एकमेकांच्या आज्ज्यांपर्यंत प्रश्न जातो.

आणि आता आपल्याकडं. वरच्या गोष्टीत बोट त्यांच्याकडं दाखवून सुटता येईल. पण बेबीताईंची वही आपल्याच घरात लपलेली होती. जयभीमवाल्या घरात. त्यांनी शिकून वस्तीला विसरलेल्यांना झोडपलं, तसं आपल्या बायांचं जिणंही मांडलं. बाहेर समता मागणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरात बाई लिहायला भीत असेल, तर त्या समतेचं काय लोणचं घालायचं?

म्हणून या अंकासाठी कविता धाडा असं मी म्हणत नाही. तुमच्या कविता येतातच, पोत्यानं येतात. आधी घरात जा. आई, बहीण, बायको, भावजय, कुणाची वही कुठं लपलीय ते विचारा. दाखवली तर वाचा. दुरुस्त करू नका. शुद्धलेखन आम्हीही तपासणार नाही. आणि दाखवली नाही, तर ती का दाखवत नाही, याचा विचार करत रात्र काढा.

पुढचा अंक त्या वह्यांचा.