जांभळ्या फुलाची भुरळ

मंडळी, आज एक कबुली. मागच्या वर्षी मी आमच्या साताऱ्याच्या घरच्या हौदाची पार वाट लावली.

परसातला हा हौद आजोबांचा. ते गेल्यावर त्यात उरले फक्त त्यांचे सात मासे. म्हटलं, याचं झक्कास 'पाँड' करूया! एका असाइनमेंटला पिंपरीत पवनेच्या काठावर गेले होते. तिथली जांभळी फुलं इतकी क्यूट दिसली, की तीन रोपं बादलीत घालून थेट एसटीनं घरी! आई म्हणाली, "अगं, नदीतलं हे काय उचलून आणलंस?" मी कसली ऐकतेय!

ती होती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. मनासारखं ऊन-पाणी मिळालं, की दोन आठवड्यांत दुप्पट. दोन महिन्यांनी गेले, तर हौदात पाणीच दिसेना. त्या दाट थराखाली उजेड नाही, हवा नाही. ऑक्सिजन संपला आणि पाच मासे गेले. आई काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग सेकंड इनिंग, देशी टीम घेऊन. नर्सरीतून कुमुदिनी आणली. मातीच्या कुंडीत लावून कुंडी पाण्यात बुडवली. पानं तरंगतात, वर झालरीच्या पाकळ्यांची पांढरी फुलं. सोबत शिंगाडा आणि चिमूटभर अझोला. अझोलाही भराभर पसरतो बरं का! म्हणून आई दर रविवारी चाळणीनं काढते आणि गुलाबांना घालते. त्याच्या पानांत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. म्हणजे खत फुकट!

तुम्हीही करणार असाल, तर तीनच नियम. निम्मं पाणी कायम उघडं ठेवा. मासे हवेतच, डासांच्या अळ्या तेच खातात. आणि जादा रोपं नाल्यात फेकू नका, वाळवून कंपोस्ट करा. नाला शेवटी नदीलाच मिळतो ना!

परवा सकाळी आईचा फोन. "अगं, कुमुदिनीला पहिलं फूल आलं. पण तू येईपर्यंत राहायचं नाही हं." खरंच, तिचं प्रत्येक फूल एका दिवसाचं पाहुणं. या शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीला दांडी. दुसऱ्या फुलाला तरी गाठायचंय. आणि त्या दोन माशांना सॉरी म्हणायचंय.