नाव ज्याचं त्याचं



चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधल्या झुंडर्ट गावी जन्मला. बरोबर वर्षभर आधी, त्याच तारखेला, त्याच्या आईला मृत बाळ झालं होतं. त्याचंही नाव व्हिन्सेंटच. आजोबांचं नाव घराण्यात टिकवायची तिकडे रीत होती. गावच्या चर्चच्या आवारात त्या बाळाची कबर आजही आहे. आपल्याच नावाचा दगड बघत मूल वाढलं!

त्या आईचं दुःख मोठंच. तरीही गेलेल्याचं नाव पुढच्याला देणं मला पटत नाही. प्रत्येक जीव स्वतंत्र, कर्म ज्याचं त्याचं, हे आपण पाठशाळेतच शिकतो. मग नव्या बाळावर जुन्या दुःखाचं ओझं कशाला? वंशावळीत गेलेल्याचं नाव जरूर लिहा. नव्याला मात्र त्याचं स्वतःचं द्या.