मागचा पाटा आणि इतिहासाचा न्याय

१/१३
जुन्या मोटारींच्या चर्चेत एक सल्ला हमखास मिळतो: वळणावर गाडीची शेपटी घसरते ना, मग मागचे सस्पेन्शन कडक करून घ्या. १९६० च्या दशकातील काही गाड्यांचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो. तो नीट वाचला, तर अमेरिकेतील एका गाजलेल्या वादाचा निकालही वेगळा लागतो, असे माझे मत आहे.

२/१३
वादाच्या केंद्रस्थानी असलेली गाडी म्हणजे जनरल मोटर्सची शेव्हरोले कॉर्व्हेअर. १९६० च्या मॉडेल-वर्षासाठी ती बाजारात आली. हवेने थंड होणारे, सहा सिलिंडरांचे ॲल्युमिनियमचे इंजिन मागे, आणि मागच्या चाकांना ‘स्विंग ॲक्सल’.

३/१३
स्विंग ॲक्सल म्हणजे काय? डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना एकेक सांधा, तेथून निघालेला दांडा आणि त्याच्या टोकाला चाक. दांडा वरखाली झाला की चाकही कलते. जोरात घेतलेल्या वळणावर टायरवरचा आडवा जोर गाडीची मागची बाजू वर उचलतो, बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू लागते, पकड सुटते आणि शेपटी एकाएकी बाहेर फेकली जाते.

४/१३
मग मागची बाजू कडक केली तर? वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने आणि किती मागच्या जोडीने सोसायचा, हे गाडी कलण्याला कोणती बाजू अधिक विरोध करते यावर ठरते. मागची बाजू कडक झाली की मागच्या बाहेरच्या टायरवरचा भार वाढतो. म्हणजे आधीच दुबळी असलेली जोडी आणखी लवकर हार खाते.

५/१३
कॉर्व्हेअरसाठी कंपनीने आरंभी सुचवलेला उपाय हवेचा होता: थंड टायरमध्ये पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड दाब. दोन्हीकडे सारखीच हवा भरणाऱ्या मालकाला या फरकावर आपला जीव अवलंबून आहे, हे कोठून कळावे? रचनेतील दोषाची जबाबदारी येथे गुपचूप पेट्रोलपंपावर ढकलली गेली.

६/१३
१९६४ च्या मॉडेलमध्ये खरी दुरुस्ती आली. पुढे अँटी-रोल बार बसवला. मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा पाटा दिला आणि मूळच्या कॉइल स्प्रिंगा मात्र नरम केल्या. दोन्ही चाके एकदम खाली दुमडू लागली तर हा पाटा त्यांना अडवतो. गाडी एका अंगावर कलताना तो कडकपणा वाढवत नाही. कलण्याला विरोध करण्याचे काम पुढच्या चाकांकडे गेले.

७/१३
हा योगायोग नव्हे. फोक्सवॅगनने १९६७ च्या बीटलला याच तत्त्वाचा दांडा दिला. १९७० च्या अखेरीस आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ४ मध्ये मागच्या आडव्या पाट्याची बहुतेक पाने मध्यभागी झुलती ठेवली आणि पुढचा बार जाड केला. तीन देशांतील तीन कारखाने एकाच उत्तराशी पोहोचले: कलताना मागची बाजू सैल, पुढची कडक.

८/१३
१९६५ च्या मॉडेलला तर मागचे सस्पेन्शन पूर्ण नवे मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर आहे. कंपनीने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले, आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये वाहन-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

९/१३
१९७२ मध्ये सरकारी संस्थेचा अहवाल आला: १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेअर समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हत्या. तेव्हापासून ‘नेडरने एका निर्दोष गाडीचा बळी घेतला’ ही कथा मोठ्या उत्साहाने सांगितली जाते. मला ती मान्य नाही.

१०/१३
अहवालाने तुलना केली ती समकालीन गाड्यांशी. ‘इतरांइतकीच’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. शिवाय उपाय तेव्हा अज्ञातही नव्हता. १९६० मध्येच पोर्शेच्या ३५६ बी सुपर ९० ला मागे असा आडवा पाटा मिळत होता. कॉर्व्हेअरच्या खरेदीदाराला त्यासाठी १९६४ पर्यंत थांबावे लागले, आणि तोवर दहा लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

११/१३
नेडरभक्तांनाही एक गोष्ट स्वीकारावी लागेल. पुस्तक आले तेव्हा दोष दुरुस्त झालेला होता. ‘पुस्तकामुळे गाडी सुधारली’ हा कालक्रमाचा विपर्यास आहे. पुस्तकाने कंपन्यांना उत्तरदायी धरणारा कायदा घडवण्यास हातभार लावला, आणि त्याचे श्रेय तेवढेच. पण तेही लहान नाही.

१२/१३
हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. मद्रासमध्ये १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डलाही मागे स्विंग ॲक्सल आणि आडवा पाटाच होता. १९७२ च्या गॅझेलमध्ये त्याजागी एकसंध ॲक्सल आला. घरात आजोबांची हेराल्ड असेल आणि मागून बसली म्हणून कोणी ‘एक पान वाढवू’ म्हणाले, तर थांबा. मागची बाजू उंचावली की चाकांचे माथे बाहेर झुकतात आणि दुमडण्याची वाट सोपी होते. थकलेला पाटा मूळ मापाचा करून घ्यावा. बदल करायचाच असेल, तर कारखान्यांनी स्वीकारलेल्या दिशेने करावा आणि मूळ भाग जपून ठेवावा.

१३/१३
कारण तो भागही एक दस्तऐवज आहे. १९६३ ची आणि १९६४ ची कॉर्व्हेअर शेजारी उभ्या करून खाली वाकून पाहिले, तर एकीत आडवा पाटा दिसत नाही आणि दुसरीत दिसतो. कंपनीला काय कळले होते आणि ते तिने कधी अमलात आणले, याची ही लोखंडी साक्ष आहे. ती पुसली, तर आपल्यापाशी उरतील फक्त दोन बाजूंच्या दंतकथा.